गोठ्यातला बघण्याचा कार्यक्रम

हॉटेलात माणूस जेवायला जातो, असं मी साठी उलटेपर्यंत समजत होते. गरम वाढावं, स्वच्छ वाढावं, डोक्यावर पंखा चालू असावा. याउपर हॉटेलाकडून माझी काही अपेक्षा नव्हती. पण आमची मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि तिनं आम्हा नवराबायकोला सुधारायचं मनावर घेतलं. आम्ही पुण्याला गेलो की दर खेपेला एक नवी 'थीम'. थीम म्हणजे काय, तर जेवण सोडून बाकी सगळं.

पहिल्यांदा तिनं आम्हाला नेलं ते एका बारमध्ये. आम्ही दोघंही पिणारे नव्हे. "आई, सरबतं पण मिळतात तिथं, जागा बघण्यासारखी आहे," म्हणाली. जागा दवाखान्यासारखी होती. बसायला चाकाच्या खुर्च्या, वाढणाऱ्या पोरी नर्सच्या कपड्यात, आणि प्यायचं ते सगळं स्टँडला टांगलेल्या सलाईनच्या बाटलीतून, नळी लावून. माझ्या नवऱ्याची अँजिओप्लास्टी नुकतीच झालेली. ती बाटली बघून त्यांना दरदरून घाम फुटला. मुलगी म्हणते, "बाबा, कोकम सरबत आहे हो ते." असेल गं बाई. पण ज्या माणसानं खरी बाटली लावून घेतली, त्याला तिकीट काढून पुन्हा तिथंच कशाला बसवायचं? शेवटी ते सरबत मी प्यायले, नळी काढून, बाटली तोंडाला लावून. शेजारच्या टेबलावरची पोरं माझे फोटो काढत होती. त्यांना वाटलं असेल, म्हातारी पट्टीची पिणारी दिसते.

पुढच्या खेपेला अंधारातलं हॉटेल. म्हणजे मुद्दाम काळोख करतात, ताटात काय आहे ते दिसत नाही, चवीवरून ओळखायचं. मी तिला म्हटलं, तुझ्या लहानपणी सोलापुरात भारनियमन होतं तेव्हा आपण वर्षानुवर्षं अंधारात जेवलो, आणि तेही फुकट. तिला ते आठवत होतं, पण तिच्या मते तो 'अनुभव' नव्हता. इथं अनुभव होता. त्या अनुभवात मी नवऱ्याच्या वाटीतलं आईस्क्रीम आमटी समजून भातावर ओतलं.

हे सगळं पुण्यात होतं तोवर ठीक होतं. गाडीत बसलं की आपलं सोलापूर यायचं, घरी येऊन कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाल्लं की जिवात जीव यायचा. पण ही साथ हळूहळू इकडंही आली. होटगी रोडला तुरुंगाचं हॉटेल झालं, गजाआड बसायचं आणि पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेल्या कैद्यानं पनीर टिक्का आणायचा. दुसरीकडे आगगाडीचं झालं, टेबलाटेबलावरून रूळ आणि खेळण्यातल्या गाडीतून जेवण येणार. मी लक्ष दिलं नाही. आपल्याला कोण बोलावतंय तिथं, असं वाटायचं. मला काय माहीत की माझ्याच मुलीचं लग्न यातल्या एका हॉटेलात अडकायचंय.

मुलीचं लग्न हा आमच्या घरातला गेल्या काही वर्षांतला एकच विषय होता. तिला बघायला सात-आठ ठिकाणची माणसं येऊन गेली होती. प्रत्येक वेळी तेच. मी पोहे करायचे, तिनं साडी नेसायची, ताटलीत बश्या घेऊन बाहेर यायचं, खाली बघून बसायचं, "स्वयंपाक येतो का", "नोकरी सोडणार का" याला उत्तरं द्यायची. माणसं गोड हसून जायची, मग चार दिवसांनी मधल्या माणसाचा फोन यायचा. शेवटचा नकार आला त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आई, यापुढं मी ताटली घेऊन बाहेर येणार नाही. कुणाला भेटायचं असेल तर हॉटेलात भेटायचं. सगळ्यांनी खुर्चीवर बसायचं आणि वाढणारा तिसराच असला पाहिजे."

मुलीचं चुकत नव्हतं. पण हॉटेलात बघण्याचा कार्यक्रम करायला एक मोठी अडचण होती, ती तिला सांगून पटेना.

आमच्या भागात बघण्याच्या कार्यक्रमात कुणी तोंडानं हो-नाही म्हणत नाही. गोडावरून कळतं. पाहुण्यांपुढं पोहे, चहा आणि एका वाटीत गोड ठेवायचं. मुलगी पसंत नसली तर पाहुणे चहा पितात, पोहे चिवडतात, गोडाला हात लावत नाहीत. वाटी तशीच आत जाते आणि आतल्या बायकांना समजतं. पसंत असली तर मुलाकडचं वडीलधारं माणूस पहिल्यांदा गोड तोंडात घालतं. मग झालं, शब्द दिल्यासारखंच. शहरातली नवी माणसं आता हे पाळत नाहीत, सरसकट गुलाबजाम खातात आणि मग नकार कळवतात. तो भाग वेगळा. पण यंदा जे येणार होते ते पाळणारे होते.

मुलगा अकलूजला साखर कारखान्यात केमिस्ट. घर वैरागचं, घरची शेती. वडील लहानपणीच गेलेले, थोरल्या चुलत्यांनी वाढवलेला. आमची मुलगी आणि तो दोन-तीन महिने फोनवर बोलत होते. "कसा आहे?" असं विचारलं तर ती म्हणाली, "बरा वाटतो." आमच्या मुलीच्या तोंडून 'बरा' म्हणजे मी देवापुढं साखर ठेवली. अडचण एकच होती. मुलगी त्याच्यापेक्षा वर्षभरानं मोठी. मुलाला चालत होतं. चुलत्यांचं काही कळत नव्हतं, आणि त्या घरात चुलते म्हणतील ती पूर्व दिशा. म्हणजे मुलीचं लग्न त्या एका माणसाच्या तोंडात गोड जातं की नाही, यावर येऊन ठेपलं होतं.

तर हॉटेल शोधायचं ठरलं. मुलीनं पुण्याहून मोबाइलवर नावं पाठवली आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं रिक्षानं ती बघत फिरलो. तुरुंगाच्या हॉटेलात एका कैद्यानं नवऱ्याच्या गळ्यात नंबरची पाटी अडकवून त्यांचा फोटो काढला. मी म्हटलं, चला इथून, व्याह्यांना कोठडीत बसवून मुलगी दाखवू काय? आगगाडीच्या हॉटेलात चव बघावी म्हणून सूप मागवलं, तर ती गाडी वळणावर घसरली आणि सूप नवऱ्याच्या मांडीवर. रेल्वेच्या गावात राहून गाडीची एवढी हौस कशाला हवी, हे त्यांनी मॅनेजरला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काका, मुलांना आवडतं." प्रत्येक प्रश्नाला यांचं हेच उत्तर.

मग नवऱ्यालाच अक्कल सुचली. शहराबाहेर, विजापूर रोडला एक 'गाव'वालं हॉटेल होतं. मातीच्या भिंती, घोंगड्या, कंदील, चुलीवरची भाकरी. "पाहुणे वैरागचे आहेत," ते म्हणाले, "तिथं त्यांना अगदी घरच्यासारखं वाटेल." आणि मी, बत्तीस पोरांच्या वर्गात आयुष्यभर अक्कल शिकवलेली बाई, मी मान डोलावली. गावाकडच्या माणसाला खोट्या गावात नेऊन बसवायचं, कशासाठी, तर त्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून! आजही आठवलं की मला स्वतःचा आणि त्यांचा दोघांचा राग येतो. त्यांचा थोडा जास्त येतो.

त्यात त्यांनी जाऊन बुकिंगही करून टाकलं. मला न विचारता. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, साधी थाळी की 'संपूर्ण पाहुणचार'? यांना वाटलं, संपूर्ण म्हणजे दोन पदार्थ जास्त. यांनी संपूर्ण सांगितला.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं आधी जाऊन बसलो. जागांना नावं होती. चावडी, पार, पाटलाची ओसरी. ते सगळं भरलं होतं. आमच्या वाट्याला गोठा आला. होय, गोठा. मुलीचा बघण्याचा कार्यक्रम गोठ्यात. वर गवताचं छप्पर, त्याच्या आत एसी, बाजूला गव्हाण, तिच्यात हिरवा प्लॅस्टिकचा चारा आणि खांबाला बांधलेली एक प्लॅस्टिकची गाय. ती गाय थोड्या थोड्या वेळानं मान हलवायची आणि हंबरायची. मी मॅनेजरला बोलावून म्हटलं, आम्हाला महत्त्वाचं बोलायचंय, ही बंद करा. तो म्हणाला, सगळ्या गोठ्यांचं बटन एकच आहे, बाकीच्या गिऱ्हाइकांना आवडतं. मुलगी तोंडाला रुमाल लावून हसत होती. मला रडू येत होतं.

पाहुणे आले. चुलते, मुलाची आई आणि मुलगा. चुलते म्हणजे पांढराशुभ्र सदरा, पांढरी टोपी, पायात कोल्हापुरी, हातात पिशवी. ते दारात पाऊल ठेवताच फेटे बांधलेल्या वाढप्यांनी हलगी वाजवली. ते जागच्या जागी थांबले.

"कुनाचं लगीन हाय हितं?" त्यांनी विचारलं.

"नाही नाही, हे असंच वाजवतात," नवरा म्हणाला.

"असंच?"

त्यांना आत आणतोय तेवढ्यात एका टेबलावरची दोन मुलं पळत आली आणि चुलत्यांच्या दोन बाजूंना उभी राहिली. त्यांच्या आईनं फोटो काढला आणि "थँक्यू काका, तुमचा गेटअप एकदम ओरिजिनल आहे," असं म्हणाली. चुलते त्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरवून पुढं आले. काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मुलाच्या आलं होतं. त्याचा चेहरा लाल झाला, पण तो काही बोलला नाही.

गोठ्यात आल्यावर चुलत्यांनी गाईकडं निरखून बघितलं, वाकून खाली बघितलं.

"भाकड हाय व्हय?" ते म्हणाले.

मला वाटलं, चला, माणूस विनोदी आहे, निभेल. पण ते हसले नाहीत. बसले. मग बोलणं सुरू झालं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं सुरू केलं आणि गाईनं बंद पाडलं. "यंदा तूर कशी आहे तुमच्याकडं?" हंबा. "पाण्याचं काय?" हंबा. मुलाच्या आईनं माझ्या मुलीकडं बघून मान हलवली, मुलीनं हलवली, मी हलवली, गाईनंही हलवली. आमच्या फेटेवाल्याचा तर कहरच होता. आमच्याशी "बसा जी पाव्हणं, राम राम जी" असं नाटकातलं बोलायचा आणि वळून भटारखान्याकडं तोंड करून तेलुगूत ओरडायचा. त्याचा राग नाही, आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलतात. पण ते 'जी जी' ऐकून चुलत्यांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. त्यांना सारखं वाटत होतं की हा आपल्या बोलण्याच्या नकला करतोय. आणि खरंच करत होता, त्याला पगारच त्याचा मिळत होता.

ताटं आली. भाकरी, शेंगाभाजी, ठेचा, आणि मधोमध मातीच्या वाटीत हुग्गी. गव्हाची खीर, आमच्याकडं सणावाराला करतात ती. मी ती वाटी बघितली आणि नवऱ्याकडं बघितलं. मी ठरवलं होतं, गोड शेवटी मागवायचं, बोलणं झाल्यावर. पण संपूर्ण पाहुणचारात गोड आधी! चुलत्यांनीही ती वाटी बघितली. त्यांनी डाव्या हातानं ती ताटाच्या कडेला सरकवली, अगदी हळू, कुणाला दिसू नये अशी. पण मला दिसली, माझ्या नवऱ्याला दिसली, आणि मुलाच्या आईनं मान खाली घातली. मुलगा भाकरी मोडत राहिला.

जेवण थोडं झाल्यावर चुलत्यांनी हात थांबवला. घसा खाकरला.

"आता आलोय तर सांगून टाकतो," ते म्हणाले. "पोरगी गुनाची हाय, शिकल्याली हाय, त्यात कायबी वाद न्हाय. तुमी मानसंबी लई चांगली. पर आमचं म्हननं आसं हाय की..."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या शब्दासाठी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी मागून हलगी कडाडली. आमचा फेटेवाला आणि आणखी दोघं. "पाव्हणं लाजाया लागलं जी! आमच्या गावची रीत हाय जी! पहिला गोड घास आम्ही भरवणार जी!" असं म्हणत त्यानं ती कडेला सरकवलेली वाटी उचलली आणि लाकडी चमचाभर हुग्गी चुलत्यांच्या उघड्या तोंडात घातली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. संपूर्ण पाहुणचार म्हणतात तो हा.

ते लोक वाजवत दुसऱ्या टेबलाकडं गेले. आमच्या टेबलावर कुणी हललं नाही. चुलत्यांचे गाल फुगलेले होते. ते थुंकतील असं मला वाटलं, पण अन्न थुंकणाऱ्यातला तो माणूस नव्हता. त्यांनी गिळलं. आवंढा गळ्यातून खाली जाताना दिसला.

मुलाच्या आईचा हात तोंडावर गेला. "दादा, ग्वाड तोंडात गेलं की वो," ती पुटपुटली.

"गेलं," चुलते म्हणाले. ते बराच वेळ त्या वाटीकडं बघत राहिले. मग अगदी पडलेल्या आवाजात म्हणाले, "गेलं तर गेलं. रीत ती रीत. गिळल्यालं मागं घेता येत न्हाय. देवाच्या मनात हुतं म्हनायचं."

खरं सांगते, मला त्या क्षणी त्या फेटेवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं. ज्या फेटेवाल्याला मी तासभर मनात शिव्या देत होते, त्यानं एका चमच्यात माझ्या मुलीचं लग्न ठरवलं होतं. नवऱ्याचे डोळे चमकले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. आता फक्त कुणी काही बोलू नये, ताटं उचलावीत आणि सुपारीचं बोलावं.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही काय सांगणार होता?"

मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला.

"काय न्हाय," चुलते म्हणाले.

"नाही म्हणणार होता ना?"

मी पाय जोरात दाबला. तिनं पाय काढून घेतला.

चुलत्यांनी तिच्याकडं बघितलं. "व्हय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तू पोरापेक्षा थोरली हाईस. आमच्यात बसत न्हाय ते. फोनवर न्हाय म्हननं बरं दिसत न्हाय, म्हनून आलतो."

"मग ते गोड धरू नका," मुलगी म्हणाली. "ते तुम्ही खाल्लं नाही, तुम्हाला भरवलं. असला होकार मला नको."

माझ्या आयुष्यात मी मुलीवर हात उचललेला नाही. त्या वेळी उचलला असता. सात-आठ घरांनी ज्याच्यासाठी आम्हाला ताटकळत ठेवलं ते आयतं पदरात पडलं होतं, आणि ही बाई ते उचलून परत देत होती! नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. गाय हंबरली.

"ह्या गाईला गप कर की रं!" चुलते एवढ्या मोठ्यांदा ओरडले की अख्खं हॉटेल थांबलं. आणि तुम्हाला सांगते, गाय बंद झाली. बटन सापडलं हॉटेलवाल्यांना.

मग चुलते मुलीकडं वळले. "आता काय करायचं म्हनतीस?"

"घरी जा, नीट विचार करा," ती म्हणाली. "आणि जे काही असेल ते मला सांगा. माझा नंबर घ्या. बाबांना फोन करायचा नाही, मधल्या माणसाला सांगायचं नाही."

"तुला सांगू? न्हाय आसंल तरी?"

"नाही असेल तर मलाच."

चुलत्यांनी खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं त्यात नंबर घातला. मुलगा अजूनही ताटाकडं बघत होता. मग सगळे उठले, नमस्कार झाले, आणि ते वैरागच्या वाटेला लागले.

घरी येताना रिक्षात मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणजे काय, ते मी तिला सोदाहरण समजावून सांगितलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आई, आजवरचा प्रत्येक नकार माझा होता, आणि तो मला सगळ्यात शेवटी कळायचा. मधला माणूस बाबांना सांगायचा. बाबा तुला सांगायचे. तू दोन दिवस माझ्या आवडीच्या भाज्या करायचीस आणि मग सांगायचीस. वांग्याचं भरीत दिसलं की मला कळायचं."

मला वाटायचं, तिला ते समजत नसेल.

ती पुण्याला गेली. आम्ही दोघं घरात. नवरा फोन चार्ज करून समोर ठेवून बसायचे. फोन तुमच्याकडं येणारच नाही, असं मी दहादा सांगितलं, तरी ते ठेवायचे. आमच्याच मुलीचं लग्न आणि आम्हालाच काही कळेना. असा वनवास मी आयुष्यात भोगला नाही. शेवटी न राहवून मीच तिला फोन लावला.

"हो, काकांचा फोन आला होता परवा," ती म्हणाली, जसं काही गॅसचं सिलिंडर आलं होतं.

"परवा? आणि तू आज सांगतेस? काय म्हणाले?"

"हो म्हणाले. वयाचं अजून पटलेलं नाही म्हणे, पण 'होकार परत देणारं मानूस म्या बघितलं न्हाय,' असं म्हणाले."

नवऱ्याला खुणेनं सांगितलं. ते उठून देवघराकडं गेलेसुद्धा.

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विचार करून सांगते."

मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा कानाला लावून बोलले, बरंच बोलले. विचार? आता विचार? दोन-तीन महिने बोलत होतीस तेव्हा काय करत होतीस? ती शांतपणे म्हणाली, "आई, काका बोलले. त्याची आई बोलली. मी बोलले. गाय बोलली. तो एक शब्द बोलला का? लग्न मला त्याच्याशी करायचंय, काकांशी नाही." आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी भर दुपारी माझ्या फोनवर वैरागचा फोन. चुलतेच होते.

"ताई, पोरीचं काय कळंना वो. काय म्हनती?"

"अजून काही बोलली नाही, काका."

मग ते म्हणाले, "आमच्यात काय कमी हाय का?"

आता, मला चांगली संधी होती. इतकी वर्षं हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारला नव्हता, पण प्रत्येक नकारानंतर नवरा भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत फिरायचे ते हाच प्रश्न मनात घेऊन. त्या सगळ्या घरांचं उट्टं मी या एका माणसावर काढू शकले असते. पण त्यांचा तो आवाज ऐकला आणि ते माझ्याच्यानं झालं नाही.

"कमी काही नाही हो," मी म्हटलं. "पण तुमच्या पोराला सांगा, अकलूजहून पुण्याला गाड्या सुटतात. तोंड घेऊन जा म्हणावं."

"व्हय की," ते म्हणाले. "हे आमच्या ध्यानातच आलं न्हाय बगा."

रविवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी आधीच ओरडायच्या तयारीत होते. ती म्हणाली, "आई, तो आला होता."

"मग? कुठं बसलात? बस झाली ती थीम, कुठल्या विमानात वगैरे नेलंस की काय त्याला?"

"नाही गं. एसटी स्टँडवरच, चहाच्या टपरीवर. त्याला काही बोलताच येईना. चहा गार झाला त्याचा."

"अगं, मग?"

"मग म्हणाला, 'मी चालंल का तुमाला?' आई, हे मला कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं. मी हो म्हटलं."

मला 'बरं' एवढंच म्हणता आलं. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि तोंड धुवायला आत गेले.